कोलशेत तीन

नौपाड्यातले टिल्लूमास्तर वारले तेव्हा त्यांच्या निधनाची बातमी मीच लिहिली. चार ओळी झाल्या. नाव, वय, कल्याणच्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक होते, मागे पत्नी आहे. त्यांनी आयुष्यात केलेलं एकमेव मोठं काम त्या बातमीत नव्हतं. ते काम शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, आणि सिद्ध न झालेली गोष्ट छापू नये हे मला त्यांनीच एकदा चाळीच्या जिन्यात, चारचौघांसमोर, बोट नाचवून सुनावलं होतं.

मला ते आवडत नसत. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं वाचताना वाचकाला तेवढी सूट धरता येईल. चाळीत ते कोणालाच आवडत नसत आणि त्याची त्यांना पूर्ण कल्पना होती. लोकांना आवडण्यासाठी जे थोडंफार करावं लागतं, म्हणजे समोरचा बोलत असताना मान हलवणं, मध्येच 'असं का' म्हणणं, ते त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. चहा वाईट झाला असेल तर ते तसं सांगत. चांगला झाला असेल तर काहीच बोलत नसत.

धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि कोटाच्या उजव्या खिशात दंतमंजनाचा रिकामा पत्र्याचा डबा. तो डबा मातीसाठी होता. जिथे जातील तिथली मूठभर माती ते उचलत. देवळाच्या आवारातली, मसुंदा तलावाच्या काठची, शेजाऱ्यांच्या कुंडीतली. विचारायची पद्धत नव्हती. एकदा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना आपल्या तुळशीत बोटं खुपसताना पकडलं आणि आरडाओरडा केला. टिल्लू शांतपणे म्हणाले, "माती काय कुणाच्या बापाची असते?" काकूंनी त्या दिवसापासून कुंडी रात्री घरात घ्यायला सुरुवात केली.

माणसं मातीत हात घातल्यावर हात धुतात. टिल्लू आधी धुवत. साबण लावून, कोपरापर्यंत, खळखळून. नंतर मात्र धुवत नसत. मातीची बोटं नाकाशी नेत, डोळे मिटत आणि निकाल देत. "मेलेली आहे." किंवा, "हिच्यात आहे कुणीतरी." जेवायला बसतानाही नखांत माती असायची. "माणूस म्हणजे जंतूंचा टांगा," ते म्हणत. "आपण समजतो आपण चाललोय."

मुंबईत एका औषधाच्या कारखान्यात जंतू तपासायच्या खात्यात त्यांनी काही वर्षं काढली होती. साहेबाचं अनुमान चुकीचं आहे हे त्यांनी साहेबाच्या पाहुण्यांसमोर सिद्ध करून दाखवलं आणि नोकरी गेली. अनुमान खरोखरच चुकीचं होतं. मग कल्याणची शाळा. दुसरं महायुद्ध संपल्यावर मातीला अचानक मान आला होता. मातीतल्या जंतूंपासून माणसाच्या दुखण्यांवर औषधं निघत होती, आणि वर्तमानपत्रांत त्याबद्दल आम्ही भरभरून छापत होतो. टिल्लूंचं म्हणणं वेगळं होतं. माणसाचं राहू द्या. मातीतली बुरशी कोवळ्या रोपाच्या बुडाशी लागते आणि रोप मारते. त्या बुरशीला आवरणारे जंतूही त्याच मातीत, तिच्या शेजारीच राहतात. ते शोधायचे, वाढवायचे आणि रोपाच्या पायाशी नेऊन बसवायचे. "प्रत्येक मुळाला एक पोलीस चौकी," ते म्हणत. आज हे कुणालाही पटेल. तेव्हा आमच्या चाळीत जंतू म्हणजे पटकी आणि विषमज्वर, आणि हा गृहस्थ ते घरात पाळतो, एवढंच लोकांना समजलं होतं.

प्रयोगशाळा म्हणजे त्यांच्या दोन खोल्यांपैकी मागची. तिथे चूलही होती. काचेच्या बशा कारखान्यातून आणलेल्या होत्या. कशा आणल्या ते मी विचारलं नाही. जंतू वाढवायला बटाट्याच्या पाण्यात घट्ट काहीतरी लागे. त्यासाठी ते वाण्याकडून चायनाग्रास आणत, जो इतर घरांत उपासाच्या खिरीला जाई. आणि सगळं उकळून शुद्ध करायला वहिनींचं मोदकपात्र. ते त्यांनी एका श्रावणात ताब्यात घेतलं आणि परत केलं नाही. गणपतीला टिल्लूवहिनी आमच्या घरी मोदकपात्र मागायला येत. दरवर्षी म्हणत, "भाऊजी, आमच्यात सध्या माती शिजतेय."

त्यांची पद्धत मी पाहिली आहे. माती पाण्यात कालवायची, गाळायची, आणि ते पाणी मोदकपात्रात ठेवून चांगलं उकळायचं. मग जे जगेल तेवढंच बशीत वाढवायचं. मी म्हटलं, उकळल्यावर राहतं काय? माझ्याकडे त्यांनी 'ढ' विद्यार्थ्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"बातमीदार, तुम्हाला उकळलं तर काही राहणार नाही. काही जंतू संकट आलं की अंगाभोवती कवच करून बसतात. आगीतून जातात, उकळीतून जातात. निवलं की उठतात. बाकीचे मेलेले असतात, जागा मोकळी असते. मला तेच हवेत. बाकीचे भित्रे."

हे वाक्य मी शब्दशः लिहून ठेवलं होतं. पुढे जे झालं त्यासाठी ते महत्त्वाचं आहे.

कल्याणच्या शाळेच्या आवारात त्यांनी मिरचीची रोपं लावली होती. काही त्यांच्या जंतूंच्या पाण्यात बुडवून, काही तशीच. शाळेला कुणी पाहुणे यायचे होते आणि हेडमास्तरांनी ती रांग दाखवायची ठरवलं होतं. पाहुण्यांच्या आदल्या दिवशी टिल्लूंनी सगळी रोपं उपटली. चांगली होती तीसुद्धा. मुळं धुऊन व्हरांड्यात वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. हेडमास्तर म्हणाले, "अहो, ही तर जगली होती!" टिल्लू म्हणाले, "म्हणूनच उपटली. का जगली ते खाली कळतं. वर नुसती पानं असतात." पाहुण्यांना वर्तमानपत्रावरची मुळं दाखवण्यात आली. शाळेच्या आवारात त्यांना पुन्हा वाफा मिळाला नाही.

म्हणून ते कोलशेतला जाऊ लागले.

ठाण्याच्या उत्तरेला, खाडीच्या अंगाला, तेव्हा ते पुरतं गाव होतं. खाली मिठागरं, वर शेतं. चांगुणाबाई भोईर ही तिथली आगरी बाई. नवरा मिठागरावर कामाला, भाजीचा मळा तिच्या अंगावर. पावसाळी वांगं ही तिची खासियत होती. ठाण्याच्या बाजारात तिच्या वांग्यांना गिऱ्हाईक ठरलेलं असे. वांग्याचं सगळं रोपावर अवलंबून, आणि रोपाचं वाफ्यावर. वैशाखात ती वाफ्यावर राब भाजायची. म्हणजे शेण, पालापाचोळा, टहाळ यांचे थर रचायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवून द्यायचं. तो धुमसत खालची माती भाजत जातो. निवल्यावर त्यात बी टाकायचं. भात असो वा भाजी, ठाणे जिल्ह्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. सरकारी शेतीखात्याला ते पसंत नसे. खत जाळून टाकता, असं त्यांचं म्हणणं.

टिल्लू पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मी बरोबर होतो, गावाच्या पाणीपुरवठ्याच्या बातमीसाठी. बाईचे दोन वाफे होते. मळ्यातल्या भाजलेल्या वाफ्यात रोपं तरारून उभी होती. घराजवळचा दुसरा तिने भाजला नव्हता, कारण वर गवती छप्पर होतं. त्यातली अर्धी रोपं आडवी झाली होती. टिल्लूंनी दोन्ही पाहिले, बाई पाणी आणायला आत गेली तेवढ्यात उभ्या रोपांच्या बुडाची मूठभर माती डब्यात घातली आणि डबा खिशात. बाईने पाणी आणलं. त्यांनी ते प्यायलं नाही. तांब्या धरायचा सोडून त्यांनी मातीच्या बोटांचा वास घेतला.

काही महिन्यांनी एका रविवारी त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. खिडकीत एक काचेची बशी ठेवली होती. बशीभर पांढरी बुरशी कापसासारखी पसरली होती, आणि मधोमध एका मेणचट ठिपक्याभोवती स्वच्छ, रिकामं वर्तुळ. बुरशी त्या वर्तुळाच्या कडेपर्यंत येऊन थांबली होती. जणू कुणी रेघ मारली होती.

"हा पुढे येऊ देत नाही," टिल्लू म्हणाले. त्यांचा आवाज मी तेवढा एकदाच मऊ ऐकला. बशीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली होती. तीवर त्यांच्या सुबक अक्षरात: कोलशेत तीन.

"म्हणजे त्या बाईच्या मळ्यातल्या मातीतला तिसरा?"

"म्हणजे माझ्या बशीतला," ते म्हणाले. आवाज पुन्हा नेहमीचा झाला.

कुंड्यांत त्यांनी त्याचा प्रयोग केला आणि तो चांगला झाला. भाजून निर्जंतुक केलेल्या मातीत आधी रोगट रोपांची बुरशी सोडायची, मग एका कुंडीत जंतूंचं पाणी, एकीत नुसतं पाणी. फरक आंधळ्यालाही दिसला असता. त्यांनी शेतीखात्याला पत्रांवर पत्रं लिहिली. पत्रांत खात्याच्या अज्ञानाचा उल्लेख असे, तरीही शेवटी एक अधिकारी यायला तयार झाला. कुंड्या नकोत, तो म्हणाला, शेतात दाखवा.

टिल्लू चांगुणाबाईकडे गेले. मीही गेलो, कारण ती माझ्याशी जरा बरं बोले. तिच्या बोलीत अहोजाहो नाही. थोरामोठ्यांना, देवालाही 'तू'च. टिल्लूंना ते दरवेळी लागे आणि दरवेळी ते ओठ घट्ट मिटत.

"दोन्ही वाफे मला पाहिजेत," ते म्हणाले. "आणि दोन्हीवर राब करायचा नाही."

"राब भाजल्याबिगर रोप उभं रात नाय, मास्तर."

"राब म्हणजे कत्तल. मी जिवंत घालणार आणि तुम्ही जाळणार?"

"मंग भाजून झाल्याव घाल तुजं पानी. राख निवंल, मंग घाल. मी कवा नको बोलते?"

"मग रोपं जगली तर तुमच्या राबानं जगली की माझ्या जंतूंनी, हे कळणार कसं?"

"जगली म्हंजे जगली," बाई म्हणाली. "वांग्याला इचारायचं हाय का, तुला कोनी जगवलं?"

मला हसू आलं. टिल्लूंना आलं नाही. ती म्हणाली, निदान मळ्यातला वाफा तरी भाजू दे, म्हणजे तुझं बिघडलं तर माझं राहील. तेही त्यांनी नाकारलं. राख वाऱ्यावर उडते, दुसऱ्या वाफ्यात पडेल, प्रयोग नासेल. शास्त्राच्या दृष्टीने यात चूक नव्हती. त्यांच्या बहुतेक बोलण्यात शास्त्राच्या दृष्टीने चूक नसे.

बाई तयार होईना. तेव्हा त्यांनी दुसरी गोष्ट काढली. त्या वर्षी कोलशेतच्या रस्त्याच्या बाजूला मोजणीच्या खुंट्या ठोकल्या जात होत्या. कारखान्यासाठी जमिनी जाणार अशी बोलवा होती. बाईच्या मळ्याच्या बांधापासून पहिली खुंटी हाकेच्या अंतरावर होती. टिल्लू म्हणाले, "सरकारी माणूस येऊन हे वाफे पाहून गेला, की कागदावर नोंद होईल. सरकारी प्रयोगाची जागा. मग इकडे खुंटी घेऊन कुणी येणार नाही."

बाईने त्या खुंट्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "कागदाव येल?"

"येईल."

"मंग नाय भाजत."

मी पुढे त्या अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आम्ही पिकाचा रोग पाहतो. जमिनीच्या नोंदीशी आमचा काय संबंध?" हे मी टिल्लूंना सांगितलं. ते बशी पुसत होते. "बाई तयार झाली ना?" ते म्हणाले. मी बाईला जाऊन सांगितलं नाही. बातमीदाराने मध्ये पडू नये असा तेव्हा माझा समज होता. तो सोयीचा समज होता.

त्याच सुमारास मागच्या खोलीत एक संभाषण झालं. वहिनी विळीवर नारळ खवत होत्या. टिल्लू मोदकपात्राशी बसले होते, वर झाकण थडथडत होतं. वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "मी म्हणते, तुम्ही मातीचं पाणी उकळता, ती बाई माती भाजते. मग भांडण कशाचं आहे?"

टिल्लूंनी झाकण उचललं, वाफ जाऊ दिली, पुन्हा ठेवलं. "स्वयंपाकघरातलं शास्त्र स्वयंपाकघरात ठेवा," ते म्हणाले.

"हे स्वयंपाकघरच आहे," वहिनी म्हणाल्या.

मृगात बी पडलं. एका वाफ्याला कोलशेत तीनचं पाणी, दुसऱ्याला नुसतं. मी सहा ओळींची बातमी दिली: 'कोलशेत येथे राबाशिवाय वांग्याची रोपे'. जिन्यातला प्रसंग त्यावरून झाला. "सिद्ध झालंय का? मग छापलंत कशाला? तुमच्या लोकांना अंडं दिसलं की कोंबडा आरवतो!" त्यांचं बरोबर होतं. त्याच दिवशी त्यांनी स्टेशनजवळून अंकाच्या तीन प्रती घेतल्या, हे मला वहिनींकडून कळलं.

रोपं उगवली, दोन पानांवर आली, आणि चार दिवसांच्या झडीत पडली. अधिकारी ठरल्या दिवशी आला. छत्री, गुडघ्यापर्यंत बूट, वही. दोन्ही वाफ्यांत रोपं आडवी होती. देठ जमिनीला टेकतो तिथे भिजलेल्या सुतळीसारखा झाला होता, वरची पानं अजून हिरवी. जंतूंच्या वाफ्यात थोडी अधिक उभी होती. कुंड्यांत दिसला तसा फरक मात्र नव्हता. दाखवावा लागत होता. चांगुणाबाई बांधावर उभी होती, डोक्यावर इरलं. ती रोपांकडे पाहतच नव्हती. अधिकाऱ्याच्या वहीकडे पाहत होती.

"हे जंतू तुम्ही आणले कुठून?" अधिकाऱ्याने विचारलं.

"माझ्या प्रयोगशाळेतून," टिल्लू म्हणाले.

मी म्हणालो, "चिठ्ठीवर कोलशेत तीन लिहिलंय. ती माती याच मळ्यातली ना? राब भाजलेल्या वाफ्यातली?"

टिल्लूंनी माझ्याकडे पाहिलं. मग वाफ्याकडे. मग ते खाली बसले, चिखलात, धोतरासकट, आणि दोन बोटांनी माती उकरू लागले. माणसाला एखादी गोष्ट कळते तो क्षण बाहेरून दिसत नाही असं म्हणतात. मला दिसला. त्यांची बोटं थांबली. त्यांचा तो कवचवाला जंतू त्या मळ्यात बाईच्या आगीतून निघाला होता. दरवर्षी ती वाफा भाजायची, भित्रे मरायचे, बुरशी मरायची, आणि तो मोकळ्या जागेत उठून हातपाय पसरायचा. ती पिढ्यान्‌पिढ्या जे मातीत करत आली तेच टिल्लू मोदकपात्रात करत होते. कुंड्यांतली मातीही त्यांनी आधी भाजूनच घेतली होती. आणि इथे त्यांनी आग बंद करून त्याला कच्च्या, गजबजलेल्या मातीत एकटा सोडला होता.

अधिकारी वाट पाहत होता. टिल्लू उठले. म्हणाले, "बाईंनी पाणी जास्त दिलं."

चांगुणाबाईचा चेहरा आधी बदलला नाही. "पानी?" ती म्हणाली. "चार दीस आभाल फाटलंय, मी पानी देईन? याड लागलंय का तुला?"

"वाफ्याला चर नीट काढलेले नाहीत," टिल्लू अधिकाऱ्याला म्हणाले.

"चर तू दोरी लावून काढलंस! माज्या हातचा एक नाय!" मग ती अधिकाऱ्याकडे वळली. "आनि कागुद? कागदाव लिवलंस का, जागेचं?"

"कसला कागद?" अधिकारी म्हणाला.

अधिकाऱ्याने वही मिटून छत्रीखाली धरली. बाईला जे कळायचं ते तिथे कळलं.

परतताना टांग्यात टिल्लू म्हणाले, "रिकामं घर पाहिजे होतं त्याला."

"मग बाईला सांगा," मी म्हणालो. "तिचंच बरोबर होतं म्हणावं. पुढच्या साली राब करून घालू म्हणावं."

"प्रयोग अपुरा आहे. अपुऱ्या प्रयोगाबद्दल मी बोलत नाही."

"पाण्याबद्दल बोललात की."

त्या साली चांगुणाबाईला रोपं मागायला नणंदेच्या दारात जावं लागलं, भिवंडीच्या बाजूला. नणंदेने दिली, पण चार बायकांदेखत दिली. बाजारात तिच्या जागेवर दुसरीच बाई बसू लागली. मी आधीच्या बातमीची दुरुस्ती दिली. एक ओळ.

दिवाळीनंतर टिल्लूंच्या बशांत काहीतरी बिघडलं. कोलशेत तीन वाढत होता, पण बुरशीला अडवत नव्हता. वर्तुळ लहान होत होत गेलं. बटाटा आणि चायनाग्रास खाऊन खाऊन तो सुस्तावला, असं वहिनी म्हणाल्या. टिल्लूंचंही तेच म्हणणं होतं, लांब शब्दांत. फाल्गुनात बुरशी त्या ठिपक्यावरून चालत गेली. आता हातात काही उरलं नव्हतं. पुन्हा त्याच मातीपासून सुरुवात करायला हवी होती, आणि या वेळी भाजलेल्या वाफ्यात घालून पाहायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं. वहीत तसा आराखडा होता; मी तो वाचला. चांगला होता. त्यात राबाची शिफारस कुणी केली होती त्याचा उल्लेख नव्हता.

वैशाखात ते मला म्हणाले, "कोलशेतला चला. तुमच्याशी ती नीट बोलते." आम्ही गेलो, आणि त्यानंतर लवकरच मला मुंबईला नोकरी लागली. पुढे ते कधी रस्त्यात दिसले असतील, पण मला आठवतात ते त्या सकाळचे.

खुंट्या बांधाला येऊन भिडल्या होत्या. आज तिथे कारखान्याची भिंत आहे. चांगुणाबाईने राब भाजला होता. मळ्यातला वाफा काळाभोर पडला होता, वरची राख अजून कोमट असावी. ती आसपास दिसली नाही. मी म्हटलं, घरात हाक मारू. टिल्लूंनी हात करून मला थांबवलं, ओहळावर कोपरापर्यंत हात धुतले, वाफ्याशी उकिडवे बसले आणि राखेखालची माती डब्यात भरू लागले. भरून झाल्यावर बोटं नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"काय वास येतो, मास्तर?"

ती मागे उभी होती, कमरेवर कळशी, हातात तांब्या. टिल्लू उठले. डबा हातातच होता.

"पयल्या वेलंला पन नेलीस?" तिने विचारलं.

टिल्लूंनी माझ्याकडे पाहिलं. मी राखेकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले.

"इचारलं व्हतंस?"

"नाही." मग, घाईने, "बाई, हे तुमच्याच उपयोगाचं आहे. तुमचं बरोबर होतं. या मातीत जे आहे ते मला पुन्हा मिळालं तर—"

"वत."

"मूठभर माती आहे."

"वत बोलते ना. माजी हाय."

त्यांनी डबा उपडा केला. माती वाफ्यात पडली. बाईने हनुवटीने खुणावलं, तशी त्यांनी डब्याच्या बुडावर दोनदा टिचकी मारली. उरलेली भुकटी खाली आली. मला वाटलं झालं. तिने कळशी खाली ठेवली, तांब्या भरून घेतला आणि म्हणाली, "हात कर पुढं."

आमच्याकडे पाहुणा आला की त्याच्या हातावर पाणी घालतात. टिल्लूंनी हात पुढे केले. ती वाफ्यावर वाकून, बारीक धारेने पाणी घालत राहिली. तळहातावरून, बोटांच्या पेरांवरून. "नखं," ती म्हणाली. त्यांनी एका हाताच्या नखाने दुसऱ्या हाताची नखं कोरली, एकेक करून, दहाही. काळं पाणी वाफ्यात जिरत होतं. पहिला तांब्या संपला, तिने दुसरा भरला. शेवटी पाणी स्वच्छ पडायला लागलं. तेव्हा कुठे तिने तांब्या खाली ठेवला.